विटेला विचारून पाहा

१९७३ साली वास्तुविशारद लुई कान न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये व्याख्यान द्यायला आले. कला, डिझाइन आणि वास्तुकला शिकवणारी ही संस्था चार्ल्स प्रॅट या तेलाच्या व्यापाऱ्याने १८८७ मध्ये काढलेली. कान तेव्हा बहात्तर वर्षांचे होते. फिलाडेल्फियात त्यांचं ऑफिस होतं आणि तिथल्याच विद्यापीठात ते शिकवत. कॅलिफोर्नियातली सॉल्क इन्स्टिट्यूट आणि टेक्सासमधलं किंबेल कलासंग्रहालय त्यांच्या नावावर जमा होतं. ढाक्याचं संसद भवन आणि अहमदाबादचं आयआयएम यांची कामं अजून चालू होती. एवढं गाठीशी असलेला माणूस आपल्या इमारतींच्या गोष्टी सांगेल, असं कुणालाही वाटलं असतं. पण कान यांच्या व्याख्यानांत इमारती मागे राहायच्या. ते शांततेबद्दल आणि प्रकाशाबद्दल बोलत, माणसाला मुळात काही घडवावंसं का वाटतं याबद्दल बोलत. ऐकणाऱ्यांपैकी काही भारावून जात, काहींना पुष्कळसं डोक्यावरून गेल्यासारखं वाटे.

वास्तुविशारदाच्या व्याख्यानात एक मूळचीच अडचण असते: इमारत काही सभागृहात आणता येत नाही. प्रत्येकाने यावर आपापला तोडगा काढला. १९२९ मध्ये ब्यूनस आयर्सला दहा व्याख्यानं देणाऱ्या ल कॉर्ब्युझिए यांनी मोठमोठे कागद टांगले आणि बोलता बोलता त्यांवर रंगीत खडूंनी चित्रं काढली. त्या व्याख्यानांचं पुढच्याच वर्षी पुस्तक झालं. इतरांनी स्लाइड दाखवल्या, मग संगणक आला. आता बहुतेक पाहुणे तासाभरात शंभरेक छायाचित्रं सरकवतात आणि त्यांत एकही माणूस दिसत नाही. कान यांचा भर राहिला तो बोलण्यावर, गोष्टी सांगण्यावर.

त्यांची एक गोष्ट शाळेची आहे. झाडाखाली एक माणूस काही जणांशी बोलत बसला. आपण शिक्षक आहोत हे त्याला ठाऊक नव्हतं आणि आपण विद्यार्थी आहोत हे त्या ऐकणाऱ्यांना. आपल्या मुलांनीही हे ऐकावं असं त्यांना वाटलं, आणि तिथून शाळा सुरू झाली. १९६०च्या सुमारास व्हॉइस ऑफ अमेरिका रेडिओवरच्या भाषणात कान यांनी ही गोष्ट सांगितली आणि तिला एक अगदी व्यवहारी मुद्दा जोडला. शाळेतला कॉरिडॉर म्हणजे नुसती जायची-यायची वाट नव्हे. तो रुंद करा, बसायला कोनाडे द्या, बागेकडे तोंड करा. मुलं तिथे आपली आपण शिकतील.

दुसरी गोष्ट विटेची, आणि ती तर जगभरच्या आर्किटेक्चर कॉलेजांत पाठ आहे. कान विटेला विचारतात, तुला काय व्हायचंय? वीट म्हणते, कमान. कमान महाग पडते, दारावर काँक्रीटचा लिंटेल टाकला तर भागेल, असं ते तिला समजावतात. वीट ऐकत नाही. तिला कमानच हवी असते.

ऐकायला ही गंमत वाटते, पण तिच्यात बांधकामाचं शास्त्र आहे. वीट दाब उत्तम सोसते, ताण मात्र तिला सोसवत नाही. आडव्या तुळईवर भार आला की ती किंचित वाकते आणि तिची खालची बाजू ताणली जाते. म्हणून लिंटेलमध्ये लोखंडी सळ्या घालाव्या लागतात. कमानीत तोच भार विटेकडून विटेकडे दाबाच्या रूपाने सरकत जमिनीत उतरतो. मात्र कमान बांधायला खालून लाकडी सेंटरिंग लागतं, हात बसलेला गवंडी लागतो, वेळ जातो. शिवाय ती दोन्ही बाजूंना रेटा देते. तो पेलायला भिंती जाड कराव्या लागतात, नाहीतर दोन्ही टोकं बांधून धरावी लागतात.

अहमदाबादला हे उघड्या डोळ्यांनी पाहता येतं. आयआयएमच्या बसक्या कमानींच्या दोन टोकांमध्ये काँक्रीटची आडवी पट्टी आहे. कमान बाहेर ढकलते, पट्टी तिला आवरते. विटेची हौस पुरवली, पण काँक्रीटलाही त्याला जमणारं काम दिलं. मधल्या रुंद, सावलीच्या वाटांमध्ये तो झाडाखालचा माणूसही भेटतो. कान यांचं गूढ बोलणं पचतं ते यामुळे. त्यांच्यामागून अनेकांनी तसंच धूसर बोलायला सुरुवात केली. त्यांना हाताशी वीट नसतानाही तसं बोलायचं होतं, ही पंचाईत.

कान यांना अहमदाबादला आणण्यात मोठा वाटा वास्तुविशारद बाळकृष्ण दोशींचा. दोशी पुण्यात जन्मलेले, मुंबईच्या जे.जे.मध्ये शिकलेले. आयआयएमच्या कामासाठी त्यांनी स्वतःऐवजी कान यांचं नाव पुढे केलं आणि १९६२ पासून कान तिथे येऊ लागले. जे.जे.चेच अनंत राजे फिलाडेल्फियात कान यांच्या ऑफिसात काम करून परतले आणि पुढे आयआयएमचं उरलेलं काम त्यांनी पुरं केलं. प्रॅटच्या व्याख्यानानंतर काही महिन्यांतच, मार्च १९७४ मध्ये, अहमदाबादहून घरी परतताना न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनवर कान यांचा मृत्यू झाला. प्रॅटमधलं बोलणं १९८२ मध्ये येल विद्यापीठाच्या ‘पर्स्पेक्टा’ या नियतकालिकात छापून आलं.

विटेचं मात्र पुढे आणखी काही ऐकायला मिळालं. आयआयएमच्या विटांचे पापुद्रे सुटू लागले, विटकामात घातलेल्या सळ्या गंजून फुगल्या, भिंतींना तडे गेले. २००१च्या भूकंपाने त्यात भर टाकली. मुंबईच्या वास्तुविशारद ब्रिंदा सोमाया यांच्या चमूने आयआयएमच्या विक्रम साराभाई ग्रंथालयाची डागडुजी केली आणि त्या कामाला २०१९ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. पण डिसेंबर २०२० मध्ये संस्थेने १८ वसतिगृहांपैकी १४ पाडून नवी बांधायचं ठरवलं. देशोदेशींच्या वास्तुविशारदांनी विरोध केल्यावर तो बेत मागे घेतला गेला. नोव्हेंबर २०२२ मध्ये, इमारती राहायला सुरक्षित नाहीत हे कारण देत, पुनर्बांधणीचा निर्णय पुन्हा पुढे आला. ग्रंथालय वाचलं तर खोल्या का वाचणार नाहीत, हा विरोधकांचा सवाल रास्त आहे. भिंतींना तडे गेलेल्या खोलीत रोज झोपणाऱ्या विद्यार्थ्याची काळजीही तितकीच खरी आहे.