अक्षरे ओळखीची, अर्थ अनोळखी

शाळेची पहिली चाचणी झाली की अनेक पालकांच्या तोंडी एकच तक्रार ऐकू येते. ‘मुलगी धडा घडाघडा वाचते, परंतु काय वाचले असे विचारले की गप्प बसते.’ मग कोणी तिला आळशी म्हणतो, कोणी मठ्ठ. बहुधा ती यांपैकी काहीच नसते. जी भाषा तिच्या कानांना अजून पुरती परिचित नाही, त्या भाषेत वाचण्याचे काम आपण तिच्यावर सोपविलेले असते.

वसईच्या परिसरात घरी सामवेदी किंवा वाडवळी बोलणारी, डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर वारली बोलणारी, कामधंद्यासाठी येथे आलेल्या हिंदी वा गुजराती भाषिक कुटुंबांतील मुले एकाच पिढीत शिकत आहेत. कोणासाठी इंग्रजी ही नवी भाषा आहे, तर कोणासाठी पाठ्यपुस्तकातील प्रमाण मराठी. अडचण मात्र सर्वांची सारखीच आहे. ती नेमकी कोणती, हे पालकांनी व शिक्षकांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

वाचन म्हणजे काय, याची एक सोपी मांडणी फिलिप गॉफ व विल्यम टनमर या अभ्यासकांनी १९८६ साली केली. त्यांच्या मते वाचन हा दोन शक्तींचा गुणाकार आहे: अक्षरांवरून शब्द उच्चारता येणे आणि ती भाषा ऐकून समजणे. बेरीज नव्हे, गुणाकार! म्हणूनच दोहोंपैकी एक शून्य असेल तर फलही शून्यच. मातृभाषेत वाचू लागणाऱ्या बालकाजवळ दुसरी शक्ती आधीच असते. ‘पाऊस’ हा शब्द त्याने अक्षरे जुळवून उच्चारला की त्याच क्षणी पाऊस त्याच्या डोळ्यांपुढे उभा राहतो. नव्या भाषेत तसे घडत नाही. उच्चार झाला तरी अर्थाचे दार बंदच राहते.

आपल्याच इतिहासातील एक उदाहरण येथे उद्‌बोधक ठरेल. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आले. त्यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली प्रथम छापले गेले, ते रोमन लिपीत. रोमन अक्षरे जाणणाऱ्या कोणाही युरोपीय माणसाला त्या ओव्या कशाबशा उच्चारता आल्या असत्या, परंतु त्यांचा अर्थ उलगडला असता तो केवळ मराठी समजणाऱ्यालाच. लिपी येणे आणि भाषा येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. तसेच, परकी भाषा आत्मसात करण्यास किती काळ द्यावा लागतो, हेही या ३७ वर्षांच्या अंतरावरून ध्यानी यावे. विद्वान प्रौढाची ही कथा, मग सहा वर्षांच्या मुलाने सहा महिन्यांत सर्व काही आत्मसात करावे ही अपेक्षा कितपत न्याय्य आहे?

भाषेइतकीच लिपीही अडवते. देवनागरीत अक्षर व उच्चार यांचे नाते बरेचसे सरळ आहे. तरीही ‘चाक’ आणि ‘चार’ यांतील ‘च’ निराळे आहेत, हे मराठी मुलाला आपोआप कळते. हिंदी भाषिक मुलाला ते ऐकूनच शिकावे लागते. इंग्रजीची वाट तर फारच वळणावळणाची आहे. तेथे ‘सी’ हे अक्षर ‘कॅट’मध्ये क होते, तर ‘सिटी’मध्ये स. ‘नी’ म्हणजे गुडघा, या शब्दाच्या आरंभी ‘के’ लिहायचा, पण उच्चारायचा नाही. ‘शिप’ म्हणजे जहाज आणि ‘शीप’ म्हणजे मेंढी, यांतील फरक मराठी कानाला सहसा जाणवतही नाही. युरोपातील अनेक भाषांचा तौलनिक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या इयत्तेच्या अखेरीस फिनलंडमधील मुले परिचित शब्दांपैकी ९८ टक्के अचूक वाचत होती, तर इंग्रजी वाचणारी मुले अवघे ३४ टक्के. त्या मुलांची तर इंग्रजी ही रोजची भाषा होती! मग आपल्या मुलांची दमछाक झाली तर नवल ते काय?

अक्षरे जुळविण्यातच सारे लक्ष खर्च झाले की अर्थासाठी ते उरत नाही. शिवाय कोणाच्याही मदतीविना मजकूर नीट समजण्यासाठी त्यातील शंभरांपैकी सुमारे ९८ शब्द ओळखीचे असावे लागतात, असे अभ्यासक मानतात. या उणिवेचा फटका अन्य विषयांनाही बसतो. वजाबाकी उत्तम येणारे मूल गणितातील ‘डिफरन्स’ या शब्दापाशी अडखळते. ‘टेबल’ म्हणजे मेज, एवढेच त्याला ठाऊक असते. पाढ्यालाही तोच शब्द आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

येथे आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. मूल नव्या भाषेत खेळू-बोलू लागले की ‘आता भाषा आली’ असे आपण समजतो. कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी दाखवून दिले की दैनंदिन संभाषण साधारण दोन वर्षांत जमते, परंतु अभ्यासाची भाषा समवयस्कांच्या तोडीने येण्यास पाच ते सात वर्षे लागू शकतात.

मग उपाय कोणता? ‘घरी केवळ इंग्रजीच बोला’ हा सल्ला अनेक पालकांना दिला जातो. तो हितावह नाही. मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलणारी आई मुलाला आपल्या समृद्ध बोलीपासून वंचित ठेवते, आणि आजी-आजोबांशी असलेला संवादही तुटतो. कार्यकारण सांगणे, गोष्टीचा शेवट ताडणे, सारांश काढणे ही कौशल्ये मूल एका भाषेत शिकले की दुसऱ्या भाषेतही उपयोगी पडतात. म्हणून बोलीत भरपूर गोष्टी सांगाव्यात. शाळेतील धडा मुलाला घरच्या भाषेत सांगावयास लावावा. नवा धडा वाचण्याआधी त्यातील पाच-सहा शब्द चित्राने वा वस्तूने परिचित करून द्यावेत. वर्गात आधी ऐकणे, मग बोलणे, त्यानंतर वाचणे हा क्रम पाळावा आणि आरंभीच्या मौनाला अज्ञान समजू नये.

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाडला आदिवासी मुलांसाठी हेच केले. मुलांच्या परिसरातील पाने, दगड, शिंपले हीच त्यांची शिक्षणसाधने होती. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा वा मातृभाषा हे माध्यम असावे, असे म्हटले आहे.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. घरच्या भाषेतही मुलाला शब्द आठवत नसतील, अक्षरे सतत उलटसुलट होत असतील, तर डोळे व कान तपासून घ्यावेत आणि तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. परंतु घरी रसाळपणे गोष्ट सांगणारे मूल केवळ नव्या भाषेच्या पुस्तकापुढे मुके होत असेल, तर ते मंद नाही. ते दोन कामे एकाच वेळी करीत आहे. त्याला शिक्षा नव्हे, अवधी हवा आहे. तो देणे आपल्या हाती आहे.