शोलाकिळी : जाती दोन की तीन?

सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडील उंच डोंगरमाथ्यांवर, दऱ्याखोऱ्यांच्या वळचणीला खुरट्या सदाहरित झाडांची जी दाट राने वाढतात त्यांना शोला म्हणतात. या रानांच्या ओलसर सावलीत, जमिनीलगत किडे टिपत फिरणारा चिमणीएवढा निळसर पक्षी म्हणजे शोलाकिळी. निलगिरीतील शोलाकिळीच्या कुशी तांबूस असतात, तर अनामलाई आणि पळणीच्या डोंगरांतील पक्ष्याच्या कुशी निळसर करड्या आणि पोट तेवढे पांढरे असते. या दोहोंच्या मध्ये सुमारे 30 ते 40 किलोमीटर रुंदीची पालघाट खिंड आहे, आणि हा फरक घडवण्यात तिचाच वाटा मोठा आहे.

थंड, दमट रानाला सरावलेला हा पक्षी खिंडीतील उष्ण सखल प्रदेश सहसा ओलांडत नाही. हवामानाच्या दीर्घ चढउतारांत थंड अधिवास खाली उतरला की पक्ष्यांचा प्रसार होतो आणि तो पुन्हा माथ्यांकडे आक्रसला की समूह एकमेकांपासून तुटतात; तुटलेल्या समूहांत जनुकीय बदल वेगवेगळे साठत जातात, आणि पुढे गाठ पडली तरी त्यांच्यात संकर होईनासा झाला की त्यांना स्वतंत्र जाती मानावे, असा निकष अर्न्स्ट मायर यांनी 1942 मध्ये रूढ केला. अडचण अशी की, ज्यांची गाठच पडत नाही त्यांना हा निकष लावायचा कसा? तेथे रंग, मोजमापे, गाणे आणि जनुके यांच्या पुराव्यावरून अनुमानच करावे लागते.

म्हणूनच हे दोन पक्षी दीर्घकाळ एकाच जातीच्या दोन उपजाती गणले गेले. पामेला रासमुसेन आणि जॉन अँडरटन यांनी 2005 मध्ये त्यांना वेगळे केले. 2017 मध्ये व्ही. व्ही. रॉबिन आणि सहकाऱ्यांनी जनुकीय अभ्यासातून दाखवले की, ज्या शॉर्टविंग पक्ष्यांत त्यांची गणना होत असे त्यांच्याशी त्यांचे जवळचे नातेच नाही. ते माशीमार पक्ष्यांचे आप्त आहेत. त्यांच्यासाठी ‘शोलिकोला’ ही नवी प्रजाती, म्हणजे निकटच्या जातींचा गट, स्थापण्यात आली, आणि शेनकोट्टा खिंडीच्या दक्षिणेकडील अशांबू डोंगरातील पक्षी तिसरी जाती ठरवला गेला. रूपाने तो पांढऱ्या पोटाच्या शोलाकिळीच्या इतका जवळचा आहे की काही जागतिक याद्या त्याला अजूनही उपजातीचाच दर्जा देतात.

त्याच संशोधनात लाफिंगथ्रश पक्ष्यांसाठीही ‘माँटेसिंक्ला’ ही प्रजाती मांडली गेली. तिच्यातील पळणीच्या जातीला सॅम्युअल फेअरबँक यांचे नाव आहे. हे अमेरिकन मराठी मिशनचे, अहमदनगर जिल्ह्यात आयुष्य घालवलेले पाद्री, ही गोष्ट मराठी वाचकांना सहसा ठाऊक नसते.

जाती की उपजाती, हा वाद केवळ नावाचा नाही, कारण संरक्षणाचे अग्रक्रम बहुधा जातींच्या यादीवरून ठरतात. चहाचे मळे आणि निलगिरी, वॅटल या परदेशी झाडांच्या लागवडीने डोंगरमाथ्यांचे मूळ रूप बरेच पालटले आहे; अशा स्थितीत याद्यांचा निवाडा काहीही होवो, अशांबूच्या पक्ष्यांचे संरक्षण स्वतंत्रपणेच आखले गेले पाहिजे.