अ‍ॅजाइल नियोजन

अ‍ॅजाइल नियोजन : मोठ्या कामाचा सर्व तपशील आरंभीच ठरवून न टाकता, ते काही आठवड्यांच्या छोट्या चक्रांत विभागून, प्रत्येक चक्रात प्रत्यक्ष झालेल्या कामाच्या आधारे पुढील चक्र आखण्याची पद्धत. तिचा जाहीरनामा फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेच्या यूटा राज्यातील स्नोबर्ड येथे १७ संगणकतज्ञांनी तयार केला. तिच्यातील काही कल्पना मात्र कारखानदारीतून आल्या, उदा., अर्धवट कामांच्या संख्येवर मर्यादा घालणारी ‘कानबान’ पद्धत तायीची ओनो यांनी टोयोटा मोटार कंपनीत विकसित केली.

ज्या अडचणीवर ही पद्धत योजिली आहे, ती भूमिगत खाणकामात जुनीच आहे. भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील चिखला येथील मँगॅनिजाच्या खाणीवरून ती स्पष्ट करता येईल. ही खाण १९६२ मध्ये स्थापन झालेल्या ‘मॉइल’ ह्या सरकारी कंपनीची असून कंपनीचे मुख्यालय नागपूर येथे आहे. अशा उद्योगात वार्षिक उद्दिष्ट टनांत ठरते. धातुकाच्या थराची जाडी, त्याची प्रत आणि छताचा भक्कमपणा ह्या गोष्टी मात्र काम पुढे सरकेल तसतशाच कळतात.

मॉइलच्या भूमिगत खाणींत काप व भरण पद्धती प्रचलित आहे. तीत धातुक खालून वर, आडव्या कापांनी काढतात. छिद्रे पाडणे, सुरुंग उडविणे, धूर निघून गेल्यावर छताचे सैल दगड पाडणे, आधार देणे, धातुक खाली सोडणे आणि शेवटी पोकळीत वाळू भरणे असा एका कापाचा क्रम असतो. वाळू पाण्याबरोबर नळातून आणली असल्यास पाणी निचरून जावे लागते. त्या भरावावर उभे राहूनच पुढचा काप घेतात. म्हणजे अर्धवट कामावरील मर्यादा येथे खडकानेच घातलेली असते.

अडचण येते ती वरिष्ठांना कळविण्यात. केवळ टनांचा आकडा वर गेला, तर भरण मागे ठेवूनही महिन्याचे उद्दिष्ट पुरे झालेले दिसते. उरलेले काम आणि त्याबरोबरचा धोका पुढील महिन्याच्या माथी जातो, व ते आकड्यात कोठेच दिसत नाही. ह्यावर अ‍ॅजाइल पद्धतीतील सर्वांत उपयुक्त (आणि व्यवहारात सर्वांत आधी सोडून दिला जाणारा) नियम म्हणजे ‘पूर्ण’ ह्या शब्दाचा अर्थ आधी ठरविणे. भरण झाल्यावाचून काप पूर्ण धरला नाही, तर आकडा लहान दिसतो, पण तो खरा असतो. मागील चार-सहा चक्रांत असे किती काप पूर्ण झाले, त्यावरून पुढील चक्राचे काम ठरते. अधिक मागणी आल्यास फोरमन किंवा व्यवस्थापक नुसता नकार देत नाही. कोणते काम मागे ठेवावे, हे तो वरिष्ठांना फळ्यावर दाखवून विचारू शकतो. पाळी लांबविणे हा त्यावर उपाय नव्हे. १९५२ च्या खाण अधिनियमानेच भूमिगत कामगारासाठी दिवसाला ८ व आठवड्याला ४८ तासांची सर्वसाधारण मर्यादा घातली होती.

कूपक खोल नेणे, नवी पातळी उघडणे ही कामे वर्षानुवर्षे चालतात. त्यांस पंधरवड्याची चक्रे पुरत नाहीत. तेथे दीर्घ मुदतीचा आराखडाच मुख्य असतो आणि चक्रांचा उपयोग त्यातील विलंब लवकर लक्षात येण्यापुरता होतो.