भिंतींच्या आधीची मंडळी

मुंबईत ताजमहाल हॉटेलच्या मागे, मेरीवेदर रोडवर, बोवेन मेमोरियल मेथडिस्ट चर्च आहे. मुंबईतल्या मेथडिस्टांचा इतिहास जुळवू लागलो तेव्हा मी इमारतींचीच जंत्री करत असे. या विषयाचे रीतसर शिक्षण मला नाही. कोनशिला आणि तारखा म्हणजेच इतिहास, असे वाटे. पण मराठी ख्रिस्ती माणूस ‘मंडळी’ म्हणतो ते माणसांना, आणि ही मंडळी भिंतींच्या आधीच जमली होती.

विल्यम टेलर हे अमेरिकी प्रचारक १८७१ च्या अखेरीस मुंबईत आले. त्यांच्या सभांतून पुढे आलेल्यांचे त्यांनी लहान लहान ‘वर्ग’ केले. हे वर्ग घरांत भरत. ही पद्धत ब्रिस्टलची. तिथे १७४२ साली सभागृहाचे कर्ज फेडण्यासाठी दर आठवड्याला माणशी एक पेनी गोळा करायचे ठरले आणि साधारण बारा जणांमागे एक प्रमुख नेमला गेला. दारोदार फिरताना त्याला लोकांची दुखणी, भांडणे, व्यसने कळू लागली. वसुलीची विचारपूस झाली. मेथडिस्ट मंडळीचा गाभा असा हिशेबाच्या वहीतून आला.

टेलरांचा दुसरा आग्रह स्वावलंबनाचा होता. पाळकाचा खर्च मंडळीने सोसावा, परदेशी पैशावर विसंबू नये. तत्त्व न्याय्य, पण नियमित वर्गणी कोण देणार? टेलरांभोवती जमलेले लोक प्रामुख्याने इंग्रजी बोलणारे युरोपीय आणि युरेशियन होते. मंडळी इंग्रजीतच उभी राहिली.

तिला येऊन मिळाले जॉर्ज बोवेन. १८४८ पासून ते मुंबईत होते. मराठी शिकून रस्त्यावर उपदेश करत. मिशनचा पगार सोडून गरीब वस्तीत राहत. १८८८ साली ते मुंबईतच वारले.

स्वावलंबनाचे दोन अर्थ असे एका मंडळीत भेटले. टेलरांचे स्वावलंबन वर्गणीवर उभे होते, बोवेनांचे गरजा कमी करण्यावर. वर्गणीने मंडळी टिकते, हे खरेच. पण ज्याच्या हाती वर्गणी नाही, त्याची भाषा व्यासपीठापर्यंत उशिरा पोहोचते, असा माझा कयास आहे. चर्चला नाव मात्र बिनपगारी माणसाचे मिळाले.

म्हणून आता मी कोनशिलांपेक्षा वह्या शोधतो. कोणाच्या घरी आजोबा-पणजोबांची वर्गणीची वही असेल, तर रद्दीत घालू नका. मंडळीचा इतिहास तिच्यात असतो.