कोठीघरातला माणूस

गेल्या श्रावणातली गोष्ट. आमचे भाचेबुवा शाळेच्या मैदानावरून घरी आले ते तोंड फुगवूनच. दप्तर एका कोपऱ्यात, बूट दुसऱ्या कोपऱ्यात. ताईने पुढे ठेवलेल्या पोह्यांकडे त्याने ढुंकूनही पाहिले नाही. चौदा वर्षांचा मुलगा पोह्यांकडे पाठ फिरवतो म्हणजे प्रकरण गंभीर असले पाहिजे. बऱ्याच मिनतवारीनंतर कळले ते असे : शाळेच्या फुटबॉल संघात त्याची निवड झाली होती, पण आघाडीला नव्हे. सरांनी त्याला मैदानाच्या मध्यावर, बचावफळीच्या चार पावले पुढे उभे केले होते आणि जागा सोडायची नाही म्हणून बजावले होते.

"म्हणजे मामा, गोल मारायचाच नाही! आलेला चेंडू अडवायचा नि दुसऱ्याला द्यायचा. ह्यात काय आहे?"

आम्ही पडलो कोल्हापूरकर. पेठापेठांतल्या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात तेव्हा ह्या गावात दुसरा विषय नसतो, आणि विश्वचषकाच्या दिवसांत तर ब्राझील नि अर्जेंटिना ही जणू आमच्याच दोन गल्ल्यांची नावे होतात. पण इथेसुद्धा खांद्यावर घेऊन नाचतात ते गोल मारणाऱ्यालाच. चेंडू अडवून देणाऱ्याला कुणी खांद्यावर घेतल्याचे निदान माझ्या तरी पाहण्यात नाही. तेव्हा भाच्याचे दुःख अगदीच पोरकट होते असे मला म्हणवेना.

ज्या वाचकांच्या घरी क्रिकेटखेरीज दुसरा खेळ शिरलेला नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. फुटबॉलमध्ये गोलरक्षक धरून अकरा खेळाडू. मागे बचावफळी, पुढे आघाडी, मध्ये मधली फळी. ह्या मधल्या फळीतला एकजण बहुधा बचावफळीच्या पुढ्यात ठाण मांडून असतो. त्याला हल्ली 'बचावात्मक मध्यरक्षक' असे भारदस्त नाव आहे. नाव जड आहे. काम त्याहून जड. आपले लोक चढाईला गेले की मागे राहिलेली मोकळी जागा राखायची. प्रतिपक्षाने चेंडू हिसकावला की त्याला पहिला अडथळा ह्याचा. कडेचा बचावपटू उत्साहाच्या भरात पुढे धावला तर त्याच्या ओस पडलेल्या जागेवर जाऊन उभे राहायचे. आणि चेंडू मिळाला की तो जवळच्या गुणी माणसाच्या पायाशी नेऊन द्यायचा; स्वतः मिरवायचे नाही. त्याचे निम्मे काम तर चेंडू नसतानाच चालते. तो नुसता योग्य जागी उभा असतो, म्हणून प्रतिपक्ष त्या बाजूने चेंडू टाकतच नाही. न टाकलेला चेंडू प्रेक्षकांना दिसणार कसा?

पूर्वी लग्न घरच्या अंगणात होत असे तेव्हा कोठीघराची किल्ली एखाद्या मावशीच्या किंवा आत्याच्या कमरेला असे. तूप किती उरले, साखर कुणी मागितली, पंगत लांबली तर शिधा पुरेल का, हे सगळे तिच्या डोक्यात. अक्षता पडत तेव्हा ती मांडवात नसे. फोटोत तर नसेच. वऱ्हाडी तृप्त होऊन जात नि जिलबीचे नाव घेत. पण एखाद्या लग्नात तिला ताप आला, की दुसऱ्या पंगतीलाच हाहाकार!

मी भाच्याला विचारले, "मकेलेले हे नाव ऐकले आहेस?" त्याने मान हलवली. ऐकणार कुठून? ही हकीकत घडली तेव्हा त्याचा जन्मही झालेला नव्हता. मी एम्. ए. ला होतो, आणि अभ्यासाच्या नावाखाली जागवलेल्या कितीतरी रात्री स्पेनमधले सामने पाहण्यात घालवल्या होत्या.

स्पेनच्या रिआल माद्रिद ह्या संस्थेच्या अध्यक्षपदी २००० साली फ्लोरेंतिनो पेरेझ निवडून आले. दर उन्हाळ्यात जगातला एक झळझळीत तारा विकत आणायचा, असा त्यांचा खाक्या. २००० साली पोर्तुगालचा फिगो, २००१ साली फ्रान्सचा झिदान, २००२ साली ब्राझीलचा रोनाल्डो. फिगो आला त्याच उन्हाळ्यात, फारसा गाजावाजा न होता, आणखी एकजण आला होता : क्लोद मकेलेले. किन्शासात जन्मलेला, लहानपणीच फ्रान्सला गेलेला, बुटकासा, न बोलता राबणारा. चढाईची हौस असलेला रॉबेर्तो कार्लोस डावीकडून वाऱ्यासारखा सुटे, झिदान आपल्याच तंद्रीत चेंडूशी खेळे, फिगो उजवीकडे कसरती करी. आणि ह्या साऱ्यांच्या पाठीमागची जागा हा एकटा राखी. त्याच्या तीन वर्षांत माद्रिदने दोनदा स्पेनची लीग जिंकली आणि २००२ साली युरोपचे अजिंक्यपदही.

२००३च्या उन्हाळ्यात त्याने पगारवाढ मागितली. ताऱ्यांच्या मानाने त्याचा पगार पुष्कळच कमी होता. मागणी फेटाळली गेली. त्याच सुमारास इंग्लंडहून बेकहॅम वाजतगाजत आला होता. मकेलेले लंडनच्या चेल्सी संघाकडे निघून गेला. अध्यक्षमहाशयांनी त्यावर जे उद्‌गार काढल्याचे प्रसिद्ध आहे त्यांचा मथितार्थ असा, की त्याचे कौशल्य बेताचे, डोक्याने चेंडू मारणे यथातथा, आणि तो चेंडू देतो तोही दोनचार हातांवर. आता हे खोटे होते असेही नाही! तो चेंडू जवळच देत असे. कारण जवळ झिदान उभा असे. झिदानला चेंडू मिळाल्यावर आणखी लांब मारून काय साधायचे होते, ते अध्यक्षच जाणोत. ह्या घटनेवर झिदाननेही टोला हाणल्याचे सांगतात : मोटारीचे इंजिन काढून विकायचे आणि वरून सोन्याचा आणखी एक मुलामा द्यायचा, हा कुठला शहाणपणा?

पुढचा हंगाम मी डोळ्यांनी पाहिला आहे. आरंभी सारे ठीक होते. लीगमध्ये एका वेळी ८ गुणांची आघाडी होती. मग मार्चमध्ये सारागोसाने करंडकाच्या अंतिम सामन्यात ३-२ असे हरवले. एप्रिलमध्ये युरोपच्या स्पर्धेत मोनाकोकडून हार. आणि गंमत अशी, की त्या दोन्ही सामन्यांत मोनाकोसाठी गोल मारणारा मोरियेंतेस हा माद्रिदनेच उसना दिलेला खेळाडू! लीगचे शेवटचे पाचही सामने ओळीने हरले आणि संघ चौथा आला. बेकहॅम बिचारा मैदानाच्या मध्यावर ऊर फुटेस्तोवर धावत होता. पण त्याचा पिंडच तो नव्हे.

सगळे खापर ह्या एका चुकीवर फोडणे न्यायाचे होणार नाही. कप्तान हिएरोही त्याच उन्हाळ्यात गेला होता. लीग जिंकून देणाऱ्या देल बोस्क ह्या प्रशिक्षकालाही विजयाच्या पाठोपाठ निरोप मिळाला होता. तरीही एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. त्यानंतर माद्रिदच्या हाती मोठा करंडक आला तो थेट जून २००७मध्ये. तोवर पेरेझ पायउतार झाले होते, आणि नवे प्रशिक्षक कापेल्लो ह्यांनी आल्या आल्या एमर्सन आणि दियारा असे एक सोडून दोन मध्यरक्षक आणले होते.

इकडे लंडनमध्ये काय झाले? २००४-०५च्या हंगामात चेल्सीने ५० वर्षांनी लीग जिंकली. ३८ सामन्यांत त्यांच्यावर गोल झाले फक्त १५. वीस वर्षे उलटली तरी हा विक्रम मोडला नव्हता. प्रशिक्षक मोरिन्यो ह्यांची मांडणी साधी होती : दोघे मध्यपटू पुढे, मकेलेले त्यांच्या मागे. प्रतिपक्षाचे दोन मध्यपटू ह्या तिघांना पुरे पडायचे कसे? इंग्लंडात तर त्या जागेलाच मकेलेलेचे नाव पडले. मला मात्र आठवतो तो मे २००५ मधला, घरच्या मैदानावरचा अखेरचा सामना. अजिंक्यपद आधीच खिशात होते. शेवटच्या क्षणी पेनल्टी मिळाली, तेव्हा सोबत्यांनी चेंडू ह्याच्या हवाली केला : आजवर तू एकही गोल मारला नाहीस, घे! त्याने मारली, ती गोलरक्षकाने अडवली. परत आलेला चेंडू मात्र त्याने आत ढकलला. मैदानभर हशा नि टाळ्या. कोठीघरातल्या मावशीला आग्रहाने फोटोला उभे करावे नि तिचे डोळे मिटलेले यावेत, तसा तो प्रसंग.

निरोप मिळालेल्या देल बोस्क ह्यांचे पुढे काय झाले, हे भाच्याने आपणहून विचारले. २०१० साली ते स्पेनच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक होते. विश्वचषकाचा पहिलाच सामना स्वित्झर्लंडकडून हरले. बुस्केट्स आणि शाबी आलोन्सो असे दोन राखणदार एकदम खेळवता कशाला, म्हणून टीकेचा गदारोळ उठला. त्यांनी दोघांनाही हलवले नाही. सात सामन्यांत स्पेनवर गोल झाले दोन, आणि विश्वचषक माद्रिदला गेला.

"पण बक्षीस? अशा खेळाडूला वैयक्तिक बक्षीस कधी मिळालंय का?" भाचेबुवांचा व्यवहारी प्रश्न.

मिळाले की! २०२४ साली मँचेस्टर सिटीच्या रॉद्रीला वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा 'बॅलन डोर' हा मान मिळाला. तो घ्यायला तो पॅरिसला गेला कुबड्या घेऊन; कारण सप्टेंबरातच त्याचा गुडघा दुखावला होता. सलग चार वर्षे इंग्लंडची लीग जिंकणारा त्याचा संघ त्या शरदात ओळीने पाच सामने हरला आणि हंगामाअखेर तिसरा आला. आघाडीला गोलांच्या राशी घालणारा हालांड होता; तो कुठे गेला नव्हता.

एवढे ऐकल्यावर भाच्याने थंड झालेले पोहे खाल्ले. पटले म्हणून, की भूक लागली म्हणून, ते सांगता यायचे नाही.

पुढे नवरात्राच्या आधी त्यांचा आंतरशालेय सामना झाला. ताई, आमची आई आणि मी पायऱ्यांवर छत्र्या सांभाळीत बसलो होतो. शाळा १-० अशी जिंकली. गोल मारणाऱ्या पोराला सगळ्यांनी उचलून धरले, आणि आमचे भाचेबुवा चिखलाने माखलेल्या चड्डीनिशी कडेला पाणी पीत उभे होते. रात्री जेवताना आईने नातवाला विचारलेच, "किती गोल केलेस रे?"

"एकही नाही, आजी."

"मग तासभर करत काय होतास?"

"त्यांचा नऊ नंबरचा पोरगा दिसला का तुला?"

"कोण बाई तो? मला नाही कुणी दिसला."

"तेच करत होतो," तो म्हणाला आणि त्याने आमटीची वाटी पुढे सरकवली.