बर्लिनमधील बिऱ्हाड आणि भटकंती

बर्लिनमध्ये शिकायला आलेल्या परदेशी विद्यार्थ्याचे पहिले काम विद्यापीठात नव्हे, तर सरकारी कार्यालयात असते. नव्या घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंद करणे, म्हणजेच तेथील भाषेत ‘आनमेल्डुंग’, कायद्याने बंधनकारक असून त्यासाठी घरमालकाचे लेखी प्रमाणपत्र लागते. नोंदीनंतर करक्रमांक टपालाने येतो. परंतु इमारतीतील घरांना बहुधा क्रमांकच नसल्यामुळे पोस्टमन पत्रपेटीवरील आडनाव पाहून टपाल टाकतो, आणि पोटभाडेकरूने तेथे आपल्या नावाची चिठ्ठी डकवली नसेल, तर ते पत्र आल्या पावली परत जाते.

ही नोंदणी शहरातील कोणत्याही नागरी कार्यालयात करता येते, आणि जवळच्या कार्यालयात वेळ मिळणे मुश्कील असल्याने विद्यार्थी जिथे मिळेल तिथली वेळ घेऊन शहराच्या पार दुसऱ्या टोकाला जातात. हा हेलपाटा वाया जातोच असे नाही. आग्नेयेकडील क्योपेनिक भागात काम निघाले, तर तेथील जुन्या नगरभवनासमोर लष्करी गणवेशातील एक ब्राँझचा पुतळा दिसतो. तो कोणा सेनानीचा नसून विल्हेल्म फोख्ट नावाच्या चर्मकाराचा आहे. तुरुंगातून सुटल्यावर पोलिसांनी बर्लिनमध्ये राहण्यास मनाई केलेल्या या इसमाने 1906 साली कॅप्टनचा जुना गणवेश मिळवला, रस्त्यातले शिपाई हाताशी धरून महापौरांना अटक केली आणि साडेतीन हजारांहून अधिक मार्कांची तिजोरी घेऊन तो पसार झाला. आपल्याला केवळ पासपोर्ट हवा होता, असे त्याने पुढे न्यायालयात सांगितले. ते खरे होते की नव्हते, यावर मतभेद असले, तरी कागदांसाठी ताटकळलेल्या विद्यार्थ्याला त्यातली गोम चटकन उमगते.

शहरांतर्गत रेल्वेच्या स्थानकांवर तिकीट तपासणारी फाटके नसतात, मात्र साध्या वेशातील तपासनीस केव्हाही डब्यात चढतात आणि विनातिकीट प्रवाशाकडून 60 युरो वसूल करतात. विद्यार्थ्यांना सत्रभराचा सवलतीचा पास मिळतो. त्यावर 100 क्रमांकाच्या बसने जर्मन संसद, उंटर डेन लिंडेन हा राजमार्ग आणि संग्रहालयांचे बेट असा सारा दर्शनी भाग पाहता येतो. अर्थात दर्शनी भाग म्हणजे शहर नव्हे. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, त्यामुळे वाणसामान शनिवारीच भरून ठेवावे लागते आणि रविवार भटकंतीला मोकळा राहतो. पूर्वी जेथून बर्लिनची भिंत जात असे, त्या माऊअरपार्कमध्ये त्या दिवशी जुना बाजार भरतो, आणि फाळणीचा इतिहास पाहायला गेलेला विद्यार्थी तेथून जुनी कढई किंवा टेबलावरचा दिवा घेऊन परततो.

मराठी विद्यार्थ्याने मात्र नैर्ऋत्येकडील डालेम उपनगरही पाहावे. तेथील ज्या मानवशास्त्र संस्थेत इरावती कर्वे यांनी 1920 च्या दशकाच्या अखेरीस संशोधन केले, तिची इमारत आज फ्री युनिव्हर्सिटीच्या वापरात आहे. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाचे पुरस्कर्ते होते. कवट्यांच्या असममितीतून, म्हणजे दोन्ही बाजूंच्या रचनेतील फरकातून, युरोपीय वंशाचे श्रेष्ठत्व दिसेल अशी त्यांची अटकळ होती. इरावतीबाईंनी मोजमापे घेतली आणि असममितीचा वंशाशी संबंध आढळत नाही, असा निष्कर्ष त्याच मार्गदर्शकापुढे प्रबंधात मांडला.