झेडपीच्या शाळेचं 2025 साल

2025च्या जानेवारीत जिल्हा परिषद शाळेतल्या पोरांच्या ताटातलं अंडं गेलं. आठवड्यातून एकदा अंडं, जे खात नाहीत त्यांना केळं, असा निर्णय सरकारनेच नोव्हेंबर 2023मध्ये घेतला होता. अंड्याच्या दिवशी वर्ग कसा भरायचा ते कुठल्याही गुरुजींना विचारा. खिचडी शिजवणाऱ्या ताई सकाळीच पातेलं चढवायच्या, मग मदतीला चौथीतल्या दोन-तीन मुली यायच्या, अंडी गार पाण्यात टाकायची, सोलायची. पांढरं आधी संपवून बलक शेवटच्या घासाला राखून ठेवणारी पोरं पाहिली, की त्या एका अंड्याचं मोल कळायचं. वर्षाला सुमारे 50 कोटींचा हा खर्च सरकारने थांबवला आणि अंडी द्यायचीच असतील तर लोकसहभागातून द्या, असं शाळांना कळवलं. ज्या ताई हे सगळं रांधतात त्यांना महिना 2500 रुपये मानधन मिळतं. एवढ्यावर घर चालवणाऱ्यांच्या गावाकडून लोकसहभागाची अपेक्षा धरणं मला पटलं नाही, आजही पटत नाही.

त्याच सुमारास आणखी दोन निर्णय फिरले. पाठ्यपुस्तकातच वहीची कोरी पानं जोडायचा 2023पासूनचा प्रयोग गुंडाळला. 'एक राज्य, एक गणवेश' योजनाही मागे पडली. तिच्यात कापड वरून आलं, शिवण बचत गटांकडे गेली, आणि कित्येक शाळांत स्वातंत्र्यदिनाला पोरं जुन्याच कपड्यांत झेंडावंदनाला उभी राहिली. आले ते गणवेशही कुणाला ढगळ, कुणाला तोकडे. आता गणवेश शिवून घ्यायचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आला. गावातल्या शिंप्याला पोरांची मापं ठाऊक असतात, एवढी साधी गोष्ट कळायला एक अख्खं शैक्षणिक वर्ष गेलं.

मार्चपासून 'निपुण महाराष्ट्र'चा कृती कार्यक्रम सुरू झाला. दुसरी ते पाचवीच्या प्रत्येक मुलाला वाचता यावं, लिहिता यावं, साधी गणितं करता यावीत, एवढंच त्याचं मागणं. याद्या, नोंदी, ॲपवर माहिती भरणं हे सगळं आलंच. पण त्यातला चावडी वाचनाचा भाग मला मनापासून आवडतो. मूल पारावर किंवा ग्रामपंचायतीसमोर उभं राहतं, हातात पुस्तक, समोर आजोबा, सरपंच, दूध घालून परत निघालेली माणसं. जोडाक्षराशी अडखळतं, मागे वळून बाईंकडे बघतं, बाई काहीच बोलत नाहीत, आणि मग ते आपलं आपण शब्द फोडून वाचतं. ज्या बापाला स्वतःला धड वाचता येत नाही, तो अशा वेळी टाळी वाजवायचंही विसरतो. प्रगतिपुस्तकातल्या श्रेणीवरून आपलं मूल कुठवर आलंय ते त्याला समजत नव्हतं; इथे कानांनी समजलं.

जूनमध्ये शाळा उघडल्या. 16 तारखेला, विदर्भात उन्हामुळे 23ला. पहिलीच्या पोरांना नवा अभ्यासक्रम, नवी पुस्तकं. त्यांचं फुलं देऊन स्वागत चाललं होतं तेव्हाच पहिलीपासून तिसऱ्या भाषेचा वाद पेटलेला होता. 16 एप्रिलचा हिंदीसक्तीचा शासन निर्णय, 17 जूनचा सुधारित निर्णय, आणि 29 जूनला दोन्ही मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती. राजकारण व्हायचं तेवढं झालं. पण सहा वर्षांचं मूल घरी कोरकू, भिली, वारली नाहीतर बंजारा बोलतं. त्याला शाळेतली मराठीच आधी पचवायची असते. चार इयत्ता एकट्याने सांभाळणाऱ्या शिक्षकाने तिसरी भाषा कधी शिकवायची, हा प्रश्न त्या गदारोळात फार कमी जणांनी विचारला.

सप्टेंबर शिक्षकांची झोप उडवूनच आला. 1 तारखेला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: ज्यांची सेवा पाच वर्षांहून अधिक उरली आहे त्यांनी दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण व्हावं. वीस-पंचवीस वर्षं शिकवलेली माणसं पुन्हा गाइडं घेऊन बसली. त्याच महिन्यात मराठवाडा आणि सोलापूरकडे पुराने थैमान घातलं, वर्गांत चिखल शिरला, पोरांची वह्या-पुस्तकं वाहून गेली. डिसेंबरच्या 5 तारखेला शिक्षक संघटनांनी शाळा बंद ठेवल्या. त्यांच्या मागण्यांत टीईटीचा प्रश्न होता, शाळेला किती शिक्षक ते ठरवणारी संचमान्यता होती, अशैक्षणिक कामांचं ओझंही होतं.

या सगळ्या वर्षात मान ताठ करणारी बातमी आली ती ऑक्टोबरमध्ये, पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातून. जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेला जगातल्या सर्वोत्तम शाळांसाठीच्या पुरस्कारांत लोकांच्या मतदानातून दिला जाणारा 'कम्युनिटी चॉइस' पुरस्कार मिळाला. 2022मध्ये दत्तात्रय वारे गुरुजी तिथे आले तेव्हा शाळेचा पट होता 3. तीन पोरं! पुढे गावाने हात लावला, लोकवर्गणी झाली, पट शंभराच्या पुढे गेला. 'विषयमित्र' ही त्यांची पद्धत: ज्याला जे येतं त्याने ते दुसऱ्याला शिकवायचं, तो वयाने लहान असला तरी. इयत्तांच्या भिंती त्यात आपोआप पातळ होतात.

हे मी मुद्दाम लांबवून सांगतोय, कारण 20पेक्षा कमी पटाच्या शाळांवर बंद होण्याची टांगती तलवार अजून आहे. 2023मध्ये छोट्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचा प्रस्ताव आला तेव्हा अशा शाळा राज्यात 14,000हून अधिक होत्या. जालिंदरनगरची शाळा त्या हिशेबात कधीच पुसली गेली असती. एक किलोमीटरच्या आत प्राथमिक शाळा हा शिक्षण हक्क कायद्याने दिलेला हक्क आहे. वाडीवरची शाळा मिटली की ओढा ओलांडून शेजारच्या गावात जायची पाळी पोरांवर येते, आणि घरी बसते ती आधी मुलगी.

वर्षभर वरून आलेले निर्णय एकामागोमाग फिरले. टिकलं ते गावाने आणि गुरुजींनी मिळून उभं केलेलं. म्हणून वाचकांना एक विनंती. तुमच्या गावच्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या असतात. तिच्या पुढच्या बैठकीला जा. शिक्षकांच्या किती जागा रिकाम्या आहेत ते विचारा, पट विचारा. आणि 26 जानेवारीच्या ग्रामसभेत अंड्याचा ठराव मांडा.